उसाच्या आकड्यांचा माग : एम. कॉम. प्रकल्पाच्या नोंदी

१० जानेवारी २०२५

विषय आज पक्का झाला. ‘एफआरपी आणि ऊस बिलाची थकबाकी : साखर कारखान्यांच्या ताळेबंदांचा अभ्यास, हंगाम २०१७-१८ ते २०२३-२४’. एफआरपी म्हणजे ‘रास्त आणि किफायतशीर दर’, केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर. मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली. ज्या वाक्यात आकडा असेल त्याला संदर्भ हवा, आणि तो संदर्भ हातात घेऊन मला न विचारता त्यांना आकड्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. संदर्भ द्यायची पद्धत एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची), सातवी आवृत्ती. म्हणजे मजकुरात कंसात लेखक आणि वर्ष, शेवटी पूर्ण यादी. ग्रंथालयात जुने मराठी प्रबंध चाळले, त्यात तळटीपा आहेत आणि खाली ‘तत्रैव’, ‘कित्ता’. वाचायला ते छान वाटतं, पण चाळीस तळटीपांनंतरचं ‘कित्ता’ नेमकं कुणाला उद्देशून आहे ते शोधताना मागची चार पानं उलटावी लागली.

पहिला प्रश्न लिपीचा आला. प्रबंध मराठीत, पण निम्मी साधनं इंग्रजी. इंग्रजी अहवालाचं शीर्षक मी देवनागरीत भाषांतर करून लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं. वाचणारा ते शीर्षक शोधायला गेला तर त्याला काय सापडणार? ठरलं ते असं: जे ज्या लिपीत छापलंय ते त्याच लिपीत. यादीचे दोन भाग, आधी मराठी अकारविल्हे, मग इंग्रजी त्यांच्या वर्णक्रमाने. याच प्रकल्पावरून पुढे इंग्रजीत पेपर लिहिला तर उलटं करावं लागेल. मराठी शीर्षक रोमन लिपीत आणि त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. आत्ताच वहीत दोन्ही रकाने आखून ठेवले.

१४ जानेवारी

संक्रांतीला गावी आले. दुपारी आबांची पत्र्याची पेटी उघडली. आबा कारखान्याचे सभासद, त्यामुळे दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी वार्षिक अहवाल घरी येतो. १९९४ पासूनचे बहुतेक सगळे त्यांनी ठेवलेत. “वाचतंय कोण, पण टाकू वाटंना,” म्हणाले. पिना गंजून पानांवर तांबूस डाग पडलेत. काही अहवालांच्या मलपृष्ठावर आबांच्या हाताने पेन्सिलीत टनांचे हिशेब.

संदर्भ म्हणून अहवाल नोंदवणं सोपं आहे असं मी धरून चालले होते. लेखकाच्या जागी कारखान्याचं नोंदणीकृत पूर्ण नाव (आपण रोज बोलतो ते आखूड नाव नव्हे), मग वर्ष, मग अहवालाचं शीर्षक. प्रकाशकही तोच कारखाना असल्यामुळे नाव पुन्हा लिहायचं नाही. पण वर्षाशी येऊन अडले.

मुखपृष्ठावर ‘सन २०२१-२२’. आत गाळपाचा तक्ता आहे तो हंगाम २०२१-२२ चा. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. आणि पुढच्या पानावरचा ताळेबंद आहे ३१ मार्च २०२२ अखेरचा. एकाच मुखपृष्ठाखाली दोन वर्षं नांदतायत. एरवी कदाचित हे चालून गेलं असतं, पण २०२१-२२ हा राज्यातला विक्रमी हंगाम, ऊस इतका की काही भागांत जूनपर्यंत धुराडी चालू होती. ३१ मार्चनंतर तुटलेल्या उसाचं बिल त्या ताळेबंदात येणारच नाही, ते पुढच्या आर्थिक वर्षात जाणार. म्हणजे गाळपाच्या तक्त्यातले टन घेऊन ताळेबंदातल्या देण्याला भागले तर उत्तर चुकेल, आणि मजकुरात दोन्हींना संदर्भ एकच दिसेल.

म्हणून आजपासून प्रत्येक आकड्याच्या वाक्यातच ‘हंगाम’ किंवा ‘आर्थिक वर्ष’ हा शब्द लिहायचा. कंसातलं वर्ष मात्र अहवाल प्रसिद्ध झाल्याचं, म्हणजे २०२२. काही जुन्या अहवालांवर प्रकाशनाची तारीखच नाही. तिथे सभेच्या सूचनेखालची तारीख उपयोगी पडते, सूचना अहवालाच्या पहिल्याच पानावर असते.

१५ जानेवारी

काल रात्री आणखी एक दिसलं. अहवालात दोन रकाने असतात, चालू वर्ष आणि मागील वर्ष. २०२३ च्या अहवालातला ‘मागील वर्ष’ रकाना आणि २०२२ च्या अहवालातला ‘चालू वर्ष’ रकाना जुळले पाहिजेत. ‘ऊस बिल देणे’ या ओळीत जुळले नाहीत. अर्धा तास डोकं धरून बसले, मग टिपांमध्ये सापडलं: आवश्यकतेनुसार मागील वर्षाच्या आकड्यांची फेरमांडणी केली आहे. वाहतूकदारांचं देणं वेगळ्या शीर्षाखाली नेलं होतं. कुणाचीच चूक नाही, पण मी कुठला आकडा घेतला हे सांगायला हवं. नियम केला: ज्या वर्षाचा आकडा त्याच वर्षाच्या अहवालातून. फेरमांडणी झाली असेल तर नंतरचा आकडा घ्यायचा, नंतरच्या अहवालाचा संदर्भ द्यायचा आणि तक्त्याखाली टीप.

२२ जानेवारी

एफआरपीचा तक्ता करायला घेतला. प्रकल्पाचा कणाच तो. केंद्र सरकारने जाहीर केलेले दर, क्विंटलला: २०१७-१८ ला २५५ रुपये, २०१८-१९ आणि २०१९-२० ला २७५, २०२०-२१ ला २८५, २०२१-२२ ला २९०, २०२२-२३ ला ३०५, २०२३-२४ ला ३१५. २०२४-२५ च्या हंगामाचा ३४०, आबांच्या भाषेत टनाला चौतीसशे.

आलेख काढला, रेघ झकास वर गेली. २०१८-१९ ला एकदम वीस रुपयांची उडी दिसते, आणि दोन लेखांत मी तेच वाचलंय: ‘सरकारने एफआरपीत २० रुपयांची वाढ केली’. मग मूळ प्रसिद्धिपत्रकं उघडून बसले. दर ज्या उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) धरून सांगितलाय तो पायाच बदललाय! २०१७-१८ चे २५५ हे साडेनऊ टक्के उताऱ्याला. २०१८-१९ चे २७५ हे दहा टक्क्यांना. आणि २०२२-२३ पासूनचे दर सव्वादहा टक्क्यांना.

हिशेब वहीत करून पाहिला. २०१७-१८ मध्ये साडेनऊच्या वर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ६८ पैसे जादा होते. साडेनऊ ते दहा म्हणजे पाच पायऱ्या, १३ रुपये ४० पैसे. म्हणजे दहा टक्के उताऱ्याच्या उसाला २०१७-१८ मध्येच २६८ रुपये ४० पैसे मिळत होते. त्यावरून २७५. खरी वाढ ६ रुपये ६० पैसे. तसंच २०२१-२२ चे २९० दहा टक्क्यांना, ०.१ ला २ रुपये ९० पैसे, सव्वादहाला ते होतात २९७ रुपये २५ पैसे. ३०५ ची वाढ पंधराची दिसते, आहे पावणेआठची.

आपल्या भागात उतारा चांगला असतो, बाराच्या आसपास जातो, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला हा फरक थेट लागू आहे. आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “आम्हाला कागदावर कळलं न्हाई, पर बिलात कळलं हुतं.”

ज्या दोन लेखांनी वीस रुपये लिहिले त्यांनी खोटं काही लिहिलेलं नाही. संदर्भही दिलाय, दुवाही उघडतो. फक्त उताऱ्याची अट मागे राहिली. माझ्या तक्त्यात आता तीन रकाने: दर, मूळ उतारा, आणि त्यापुढे प्रसिद्धिपत्रकाची तारीख.

३० जानेवारी

एफआरपीला तीन कागद असतात आणि तिन्हींचे संदर्भ वेगळे. कृषी खर्च व मूल्य आयोगाचा अहवाल शिफारस करतो. मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजुरी देते, त्याचं प्रसिद्धिपत्रक पत्र सूचना कार्यालय काढतं. मग राजपत्रात अधिसूचना. ‘आयोगाने दर ठरवला’ असं वाक्य माझ्या मसुद्यात होतं, ते काढलं. आयोग ठरवत नाही.

प्रसिद्धिपत्रकाच्या नोंदीत पूर्ण तारीख लिहायची, नुसतं वर्ष नाही, आणि शीर्षकानंतर चौकटी कंसात ‘प्रसिद्धिपत्रक’. २०२४-२५ चा दर २१ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाला, आदल्या हंगामाचा २८ जून २०२३ ला. दोन्ही तारखा आठच महिन्यांच्या आत. नुसतं २०२४ आणि २०२३ लिहिलं असतं तर हे दिसलंच नसतं.

कायद्याचा संदर्भ पानाने देत नाहीत, कलमाने किंवा खंडाने देतात. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६, खंड ३: ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत बिल, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. हा आदेश अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली निघालेला. माझी सगळी थकबाकीची व्याख्या या चौदा दिवसांवर उभी आहे, म्हणून खंडाचा मजकूर परिशिष्टात जसाच्या तसा घेतला.

४ फेब्रुवारी

प्रस्तावनेत एक वाक्य होतं: ‘भारतात पाच कोटी ऊस उत्पादक शेतकरी आहेत.’ साखर उद्योगावरच्या जवळजवळ प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात ते असतं. माझा संदर्भ होता एका संशोधन पत्रिकेतल्या लेखाचा. मॅडमनी शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, दुसरं काही लिहिलं नाही.

दिवसभर माग काढला. माझ्या लेखाने दुसऱ्या लेखाचा हवाला दिलाय, त्याने तिसऱ्याचा. तिसऱ्याने नुसतं ‘भारत सरकार’ लिहिलंय. शेवटी परत प्रसिद्धिपत्रकांकडेच वळले. २०२१ च्या पत्रकात शब्द आहेत: पाच कोटी ऊस उत्पादक शेतकरी ‘आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले’, शिवाय कारखान्यांत आणि पूरक कामांत असलेले पाच लाख कामगार. २०२४ च्या पत्रकात कंसात ‘कुटुंबीयांसह’.

म्हणजे पाच कोटींत आबा आहेत, आजी आहे, बाबा आहेत, मी आहे आणि माझा दहावीतला भाऊही आहे. एकाने उतरवून घेताना शेपूट गळलं, पुढच्यांनी शेपटाशिवायच उतरवलं. पाच कोटी सातबारे आणि पाच कोटी माणसं यांत केवढा फरक! दरडोई थकबाकी काढताना हा आकडा भाजक म्हणून वापरलेला एक तक्ता मी पाहिलाय.

एपीएत दुय्यम संदर्भाची सोय आहे. मूळ साधन मिळतच नसेल तर ‘अमुकचा हवाला तमुकमध्ये’ असं लिहायचं आणि यादीत फक्त आपण वाचलेलं घालायचं. ती अगदी नाइलाजाने वापरायची. इथे मूळ कागद दोन क्लिकवर होता. वाक्य आता असं आहे: ‘केंद्र सरकारच्या म्हणण्यानुसार कुटुंबीयांसह पाच कोटींहून अधिक लोक’.

आधी लिहिलेल्या पानांवरचे असे उसने आकडे मोजले. अकरा निघाले. आठवडा त्यातच जाणार.

१३ फेब्रुवारी

अकरांपैकी आठांचं मूळ सापडलं. दोन आकडे काढून टाकले. एक दुय्यम म्हणून ठेवलाय.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रोवेसवर दोन तास मिळाले. मुंबईच्या सीएमआयई या संस्थेचा हा कंपन्यांच्या आर्थिक माहितीचा साठा, वर्गणी भरणाऱ्यालाच दिसतो. नोंदणीकृत साखर कंपन्यांची सात वर्षांची देणी उतरवून घेतली, म्हणजे सहकारी कारखान्यांशी तुलना करता येईल. अशा साठ्याचा संदर्भ देताना साठ्याचं नाव आणि आपण पाहिल्याची तारीख दोन्ही हवं, कारण आतली माहिती अद्ययावत होत राहते. छापील अहवालाला किंवा न बदलणाऱ्या फायलीला पाहिल्याची तारीख लागत नाही, मी उगाच सगळ्यांना लावत सुटले होते.

हेही लक्षात ठेवायचं की साठ्यातले आकडे सगळ्या कंपन्यांना एकाच साच्यात बसवून दिलेले असतात. कंपनीच्या अहवालात जी ओळ आहे ती तिथे तशीच असेल असं नाही. चार कंपन्यांचे अहवाल उतरवून ताडून पाहिले. जिथे मी एकल ताळेबंद धरला होता तिथे कंपनीच्या प्रसिद्धीत एकत्रित होता, उपकंपन्यांसह. नोंदीत ‘एकल’ किंवा ‘एकत्रित’ हा शब्द हवाच.

शिवाय मागे जायचं ठरलं तर एक खड्डा आहे. कंपनी कायदा, २०१३ येण्याआधी काही साखर कंपन्या सप्टेंबरअखेर हिशेब बंद करत, हंगामाला धरून. नंतर सगळ्यांचं वर्ष मार्चला आलं. माझा कालखंड २०१७ नंतरचा आहे म्हणून सुटले.

१९ फेब्रुवारी

एका निवृत्त चीफ अकौंटंटना भेटले. तीस वर्षं एकाच कारखान्यात. आबांच्या ओळखीने भेट झाली, नाव छापायचं नाही या अटीवर. चहा झाल्यावर त्यांनी एका कोऱ्या कागदावर ऊस बिलाचा प्रवास काढून दाखवला: काट्याची पावती, गटऑफिसची नोंद, पंधरवड्याचं बिल, तोडणी-वाहतुकीची वजावट, मग बँकेत वर्ग. “एफआरपी म्हणजे गेटवरचा दर. शेतकऱ्याच्या खात्यात पडतो तो निव्वळ. तू कुठला लिहितेस ते आधी ठरव, बाळ.” माझ्या तिसऱ्या प्रकरणात दोन्ही मिसळले होते.

मुलाखतीचा संदर्भ कसा द्यायचा? पत्र, फोन, गप्पा, म्हणजे ज्या वाचणाऱ्याला परत मिळवता येत नाहीत, त्या फक्त मजकुरात ‘वैयक्तिक संपर्क’ म्हणून तारखेसह येतात, यादीत नाही. पण ज्यांची मुलाखत संशोधनाचाच भाग म्हणून, संमतीपत्र घेऊन केली त्यांना तसंही लिहायचं नाही. ते सहभागी, म्हणून ‘मुलाखत क्र. ३, निवृत्त लेखा अधिकारी’ एवढंच. त्यांनी काढलेला तो कागद मागून घेतला.

२७ फेब्रुवारी

सगळ्या नोंदी झोटेरोत, म्हणजे संदर्भयादी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरल्या. यादी काढली तर पहिल्याच पानावर ‘बँक, भारतीय रिझर्व्ह’. संस्थेचं नाव नाव-आडनावाच्या दोन रकान्यांत गेलं होतं. तिथे एकाच रकान्याचा पर्याय असतो, तो निवडायचा. एकोणीस संस्थांना हाताने केलं.

१० मार्च

राज्याची आर्थिक पाहणी २०२४-२५ शुक्रवारी मांडली गेली. मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती असतात, मी मराठी वाचली म्हणून संदर्भ मराठीचा, लेखक अर्थ व सांख्यिकी संचालनालय. चालू वर्षाचे आकडे अस्थायी असतात, तशी खूण तक्त्यात असते. ती खूण माझ्या तक्त्यातही उतरवली.

१८ मार्च

काल उच्च न्यायालयाचा निकाल आला. एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला परवानगी देणारा राज्याचा २१ फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय रद्द. सकाळपासून गावाकडून फोन सुरू आहेत. आबांचा आवाज किती दिवसांनी असा मोकळा ऐकला.

प्रकरण चारमध्ये हा शासन निर्णय सात ठिकाणी आहे. पहिला विचार आला की काढून टाकावा. मॅडम म्हणाल्या, “तुझ्या कालखंडात तो लागू होता की नव्हता?” होता. कारखान्यांनी त्यानुसार पैसे दिले, ताळेबंदांवर त्याचा ठसा आहे. तो काढला तर २०२२ नंतरची थकबाकी समजणारच नाही. म्हणून नोंद राहते: विभागाचं नाव, शासन निर्णयाचा क्रमांक, दिनांक, संकेतांक. आणि पहिल्या उल्लेखालाच वाक्य, की मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

त्या वाक्याला आज तरी वर्तमानपत्राचा संदर्भ आहे. निकालपत्राची प्रत हाती आली की वर्तमानपत्र काढून निकालाचा याचिका क्रमांक घालायचा. दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत निकालाचा सारांश सारखा नाही, त्यामुळे थांबायला हवंच. मसुद्यात ती ओळ पिवळी करून ठेवली.

२६ मार्च

मॅडमच्या अटीची परीक्षा घेतली. मैत्रिणीला छापील मसुदा दिला, कुठलेही पंधरा आकडे निवड आणि माझ्याशी न बोलता मूळ जागी जाऊन ये म्हटलं. ती बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते, उसाशी तिचा संबंध नाही. दुपारपर्यंत बारा सापडले. एका दुव्याचं पान हललं होतं. वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जतन करणाऱ्या संकेतस्थळावर प्रत होती, तो दुवा घातला आणि बाकीच्या सरकारी पानांच्याही प्रती लगेच तिथे जतन केल्या. एका ठिकाणी मी दोनशे पानांच्या अहवालाला पान क्रमांक दिला नव्हता. एपीए तो फक्त शब्दशः उताऱ्याला सक्तीने मागते, पण आकड्याला मी तरी आता तक्ता क्रमांक आणि पान दिल्याशिवाय राहणार नाही.

पंधरावा आकडा आबांच्या पेटीतला. २०१९ चा अहवाल. मैत्रिणीने विचारलं, “हा मी कुठे बघू? तुमच्या माळ्यावर?”

२९ मार्च

आबांशी बोलले. अहवाल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायचे, त्यांना दाखल क्रमांक पडेल, तो क्रमांक माझ्या यादीत येईल आणि कुणीही मागून बघू शकेल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दिऊया. पर मला पोच पायजे. किती अहवाल, कुठल्या सालाचं, सगळं लिवून.”

ग्रंथपालांनी आज पोच दिली, अठ्ठावीस अहवाल, प्रत्येकाचं वर्ष वेगळ्या ओळीत, खाली सही आणि शिक्का. मलपृष्ठांवरचे पेन्सिलीचे हिशेब तसेच ठेवायला सांगितलेत. २०१९ च्या अहवालाची नोंद दुरुस्त केली. पोच संध्याकाळच्या एसटीने आबांकडे.